पाणी कशाने बाटते?

चौतीस वर्षे मी मराठी आणि इतिहास शिकवला. या काळात मुलांकडून सर्वात जास्त वेळा कोणता निबंध लिहून घेतला असेल, तर ‘जलप्रदूषण : कारणे, परिणाम व उपाय’. दहा गुण. चार कारणे, चार परिणाम, दोन उपाय, झाले दहा. मुले गाईडातले पाठ करून येत आणि मी डोळे मिटून सात देत असे. गाईडातली कारणेही ठरलेली असत. नदीवर गुरे धुतात, बायका कपडे धुतात, लोक निर्माल्य टाकतात, आणि मग चौथ्या-पाचव्या क्रमांकावर ‘कारखान्यांचे सांडपाणी’. हा क्रम कुणी लावला, असा प्रश्न मला नोकरीत असेपर्यंत कधी पडला नाही. मागच्या वर्षी घरच्याच विहिरीवरून असा काही प्रसंग आला, की हा सगळा धडा मला पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागला. त्या विहिरीचे शेवटी सांगतो. आधी थोडे मागे जाऊ.

‘प्रदूषण’ हा शब्द माझ्या लहानपणी मुरुडात कुणाच्या तोंडी नव्हता. माझा जन्म १९५१ चा. आमच्या आगरात चिऱ्याने बांधलेली विहीर, तिच्यावर रहाट, रहाटाचे पाणी पाटाने पोफळींना जाई. पिण्याचे पाणी त्याच विहिरीचे. ते ‘बाटत’ असे. विहिरीत कावळा पडून मेला तर आजी उपसा करायला लावी, ते ठीकच होते. पण पाणी बाटण्याची खरी भीती कावळ्याची नव्हती, माणसाच्या हाताची होती. खालच्या वाडीतली एक म्हातारी उन्हाळ्यात हंडा घेऊन यायची आणि विहिरीपासून दहा-बारा पावलांवर फणसाखाली उभी राहायची. आजी किंवा आई पोहरा काढून तिच्या हंड्यात वरून पाणी ओतत. हंड्याला पोहरा लागू द्यायचा नाही. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ साली झाला होता, पण आमच्या फणसापर्यंत तो पोचायला वेळ लागला. ओतलेले पाणी हंड्याबाहेर सांडे, तेवढे कमी मिळे. ती काही बोलत नसे. मला त्यात काही वावगे वाटत नसे, हेही लिहून ठेवतो.

आमच्या गावाला या बाबतीत मान वर करून बोलायला जागा नाही. अण्णासाहेब कर्वे हे मुरुडचे. जन्म आजोळी शेरवलीचा, पण घर इथले, बालपण इथले. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले आणि नंतर ते गावी आले, तेव्हा याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. बहिष्कार म्हणजे काय, तर पंक्ती बंद, पाणी बंद. ज्या माणसाने ‘मुरुड फंड’ काढून गावच्या भल्यासाठी पैसे जमवले, त्याच्या हातचे पाणी गावाला चालेना. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले तेव्हा आम्हाला शाळेत पेढे वाटले होते. मी सात वर्षांचा होतो. पेढा लक्षात आहे, बहिष्काराची गोष्ट मात्र त्या दिवशी कुणी सांगितली नाही.

आणि इथून काही फार लांब नसलेले महाड. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातले, आणि लहानपणी काही काळ त्यांचे कुटुंब दापोलीच्या कॅम्पात होते. म्हणजे तसे आपल्याच भागातले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी त्याला अनुसरून चवदार तळे खुले केले, पण कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसे घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली. आणि मग तळे शुद्ध करण्यात आले. कसे? तळ्यातले १०८ घागरी पाणी बाहेर काढून आणि पंचगव्य आत ओतून. पंचगव्यात दूध, दही, तूप असते आणि शेण व गोमूत्रही असते.

हा धडा मी वर्षानुवर्षे शिकवला. शेजारच्या वर्गात विज्ञानाचे सर त्याच आठवड्यात ‘शेणामुताने पाणी दूषित होते’ हे शिकवत असत. दोन्ही वर्गांतली मुले तीच. एकाही मुलाने कधी उठून विचारले नाही, की सर, मग त्या दिवशी तळे बाटले कशाने? त्यांनी विचारले नाही कारण मीही ते दोन धडे एकमेकांशेजारी ठेवून पाहिले नव्हते. महाडचा खटला पुढे दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. नंतर त्याच महाडला, सावित्रीच्या काठी, रासायनिक कारखान्यांची वसाहत झाली. असो, त्याकडे वळायचेच आहे.

बाटण्याचा दुसरा अर्थ आम्हाला डॉक्टरांनी शिकवला. पटकी म्हणजे कॉलरा. कोकणात गावोगाव जरीमरीची देवळे आहेत ती या भीतीतून. साथ हवेतून येते की देवीच्या कोपाने, यावर जगभर वाद होते. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो या डॉक्टरने सोहो भागातल्या मृत्यूंचा हिशेब मांडला आणि सगळी बोटे ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाकडे वळतात असे दाखवले. पंपाचा दांडा काढून टाकला. त्या साथीत सहाशेहून अधिक माणसे गेली. मला या गोष्टीतला सर्वात महत्त्वाचा भाग नंतरचा वाटतो. हेन्री व्हाइटहेड नावाच्या तिथल्या पाद्र्याने घरोघर चौकशी केली. शेवटी असे सापडले, की विहिरीपासून तीन फुटांच्या आत एका घराचा मैल्याचा खड्डा होता, त्याच्या विटा खिळखिळ्या झाल्या होत्या आणि त्या घरातल्या आजारी तान्ह्या मुलाचे कपडे धुतलेले पाणी त्या खड्ड्यात जात होते. म्हणजे पाणी बाटवणारा कुणी परका नव्हता. घरातलेच बाळ, घराखालचाच खड्डा. हे तीन फूट कृपया लक्षात ठेवा.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात पटकीच्या जंतूवर शिक्कामोर्तब केले, तिथल्या एका तळ्याच्या पाण्यातही त्यांना तो सापडला. त्यानंतरच्या दशकात आग्र्याच्या प्रयोगशाळेतले हँकिन साहेब विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकायला सांगू लागले. ती जांभळी पूड मी लहानपणी पाहिली आहे. आरोग्य खात्याचा माणूस यायचा, विहिरीत पूड टाकायचा, पाणी गुलाबी व्हायचे आणि आजी दोन दिवस त्या पाण्याने देवपूजा करत नसे. तिच्या मते पाणी त्या पुडीने बाटलेले असे! पुढे पूड गेली आणि ब्लीचिंग पावडर आली. ग्रामपंचायतीच्या भाषेत ‘टीसीएल’. आजही गावोगाव पाण्याचा नमुना खराब आला की पहिला प्रश्न असतो, टीसीएल टाकली होती का?

हे दोन्ही अर्थ विहिरीएवढे होते. डोळ्यांना काठ दिसत होता. तिसरा अर्थ आला तो खाडीने.

मी शिकवायला होतो ते दाभोळ खाडीच्या काठचे एक गाव. दाभोळ म्हटले की बाहेरच्यांना एन्रॉन आठवते. तो प्रकल्प खरे तर खाडीच्या पलीकडे अंजनवेलला, नाव मात्र दाभोळचे झाले. त्याच्या कितीतरी आधी दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाहीचे मोठे बंदर होते. रशियाचा निकितिन १४७२ साली परतीच्या प्रवासाला इथूनच गलबतात बसला, आणि १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेडाने हे शहर जाळले. हे सगळे मी मुलांना शिकवी. मुलांना मात्र खाडीचा वेगळा इतिहास ठाऊक होता. कोणत्या तिथीला उधाण, कधी भांग, ओहोटीला मुळे कुठे सापडतात, तांबोशी कुठल्या खडपात बसते. उधाणाच्या दिवसांत वर्गातली निम्मी बाके रिकामी असत. आया चिखलात मुळे आणि कालवे काढत, बाप होडीत, पोरे पाग घेऊन काठाला. मी हजेरीत लाल शेरा मारी.

या खाडीला पाणी आणून देणारी नदी वाशिष्ठी, आणि खेडकडून येऊन तिला मिळणारी जगबुडी. वाशिष्ठी कोकणातल्या इतर नद्यांसारखी उन्हाळ्यात आटत नाही. १९६० च्या दशकात कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे उतरवून वीज करायला सुरुवात झाली. वीज करून झाल्यावर ते पाणी वाशिष्ठीत येते. कृष्णा लवादाने या पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातली, यावरून त्याचे आकारमान कळेल. बारमाही गोडे पाणी, जवळ महामार्ग, आणि घाण सोडायला खाडी. कारखानदाराला आणखी काय हवे? सत्तरच्या दशकाच्या अखेरीस खेड तालुक्यात, परशुराम घाटाच्या वरच्या सड्यावर, लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी घेतल्या गेल्या आणि ऐंशीच्या दशकात रसायनांचे कारखाने उभे राहिले. ज्या परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि आपल्याला ही भूमी दिली असे आम्ही सांगतो, त्याच्याच नावाने.

आता एक गोष्ट मला इतिहासाचा मास्तर म्हणून सांगितलीच पाहिजे, कारण सगळे उलटे समजतात. लोकांना वाटते, कारखाने आधी आले, मग प्रदूषण झाले, मग कायदा आला. तसे नाही. महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा १९६९ सालीच केला आणि १९७० च्या सप्टेंबरात मंडळही स्थापन केले. केंद्राचा कायदा १९७४ चा, तो महाराष्ट्राने १९८१ साली लागू केला. भोपाळनंतर १९८६ ला पर्यावरण संरक्षण कायदा आला. म्हणजे लोट्याची पहिली चिमणी उभी राहण्यापूर्वी कायदा, मंडळ आणि शिक्के सगळे तयार होते. सांडपाणी किती स्वच्छ हवे याचे आकडेही ठरले. ‘बीओडी’ म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जंतू जो प्राणवायू खातात त्याचे माप. नदीत सोडायच्या पाण्यात ते लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत चालते, समुद्रकिनाऱ्याच्या पाण्यात १०० पर्यंत. हे माप वाढले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तोंड वर काढून मरतात. पण ही चाचणी करायला आपल्याकडच्या पद्धतीने बाटली २७ अंशांवर तीन दिवस ठेवावी लागते. खाडीला भरती-ओहोटी दिवसातून दोनदा. तीन दिवसांनी आकडा येईपर्यंत पाणी बारा वेळा दिशा बदललेले असते आणि मेलेले मासे घारींनी खाल्लेले असतात. चाचणी खोटी नाही, पण घडून गेलेल्या गोष्टीचा पंचनामा तिच्याने होत नाही. आणि रसायनांचे सगळे विष बीओडीत उतरतही नाही. जे कुजतच नाही त्याचे माप या चाचणीत येत नाही.

कारखाने आले त्या वर्षांत मी काय केले? पालकसभेत उभा राहून सांगितले, की मुलांना आयटीआयला पाठवा, लोट्याला नोकऱ्या येत आहेत, पाग टाकून पोट किती दिवस भरणार? हे मी मनापासून सांगितले. एक म्हातारा भोई मागच्या बाकावर उकिडवा बसला होता. त्याने विचारले, “गुरुजी, तो पानी जानार कुटं?” मी म्हणालो, त्याची यंत्रे असतात, सरकार बघते. तो पुढे काही बोलला नाही. सभा चहा-बिस्किटांनी संपली.

नव्वदच्या दशकात मासे मरून काठाला लागल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. सर्व कारखान्यांसाठी मिळून एक सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र त्या दशकाच्या अखेरीस आले, आणि प्रक्रिया केलेले पाणी नळाने नेऊन करंबवण्याजवळ खाडीत सोडायचे ठरले. सामायिक केंद्राची कल्पना कागदावर चांगली आहे. लहान कारखान्याला स्वतःचे यंत्र परवडत नाही, सगळ्यांनी मिळून एक चालवावे. अडचण अशी, की पन्नास जणांचे पाणी एका हौदात आले की कोणाचे विष कोणते हे कळायचा मार्ग उरत नाही. आमच्याकडे सार्वजनिक पंक्तीत मीठ जास्त पडले तर निदान आचारी ठाऊक असतो. आणि ओहोटीला सोडले की पाणी समुद्रात जाते, असे ज्याला वाटते त्याने एक पंधरवडा खाडीवर काढावा. ओहोटीला गेलेले भरतीला परत येते.

त्याच सुमारास नववीतल्या एका मुलाने ‘जलप्रदूषण’ निबंधात तीन ओळी लिहिल्या. ‘कारणे : वरून येतं. परिणाम : बाबा मुंबईला गेले. उपाय :’ आणि पुढे कोरे. मी त्याला दोन गुण दिले आणि लाल शाईने लिहिले, ‘उत्तर अपूर्ण’. गाईड पाठ करणाऱ्यांना सात. मुलगा दहावीनंतर शाळेत दिसला नाही. त्याच्या तीन ओळी मात्र मला शब्दशः पाठ आहेत. सात गुणवाल्यांचा एकही निबंध आठवत नाही.

पुढे हीच गोष्ट मोठ्या माणसांनी लिहिली. केंद्र सरकारने मार्च २०१० मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी तज्ज्ञ गट नेमला. गाडगीळ लोट्याला आले, लोकांशी बोलले. ३१ ऑगस्ट २०११ ला दिलेला अहवाल सरकारने दडपून ठेवला, तो मे २०१२ मध्ये जाहीर झाला. त्यात लोट्यावर स्वतंत्र भाग आहे. सामायिक प्रक्रिया केंद्र नीट चालत नाही आणि खाडीतली मासळी घटून मच्छीमारांचा रोजगार गेला, हे त्यात नोंदलेले आहे. जवळच्या कोतवली गावच्या सरपंचाने तक्रारी करकरून वैतागून ओढ्याचे ते दूषित पाणीच पिऊन जीव द्यायचा प्रयत्न केला, त्याला मुंबईला नेऊन वाचवावे लागले, अशी हकीकतही त्यात आहे. ती वाचताना मला चवदार तळे आठवले. तिथे पाणी पिणे हा हक्क होता, आणि इथे, त्याच कोकणात, पाणी पिणे ही तक्रार झाली.

अहवालातला आणखी एक आकडा. २८ ऑगस्ट २००७ ते २१ ऑक्टोबर २००९ या सव्वादोन वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यात १९१ दिवस जमावबंदीचे हुकूम होते. म्हणजे जवळजवळ दर चौथा दिवस. प्रदूषणाविरुद्ध माणसे जमू नयेत म्हणून. पाणी कसे वाहते ते तपासायला एवढी तत्परता दाखवली असती तर... पण ते राहू दे.

आणि एक हिशेब गाडगीळांनी आपल्या लिखाणात मांडला. लोट्याच्या कारखान्यांत अकरा हजार लोकांना काम मिळाले. मच्छीमारांचे म्हणणे, आमच्या वीस हजार जणांचे काम गेले. वीस हजार हा त्यांचा दावा आहे, त्याची कुणी शिरगणती केलेली नाही. पण शिरगणती का नाही, हेच तर बघायचे आहे. कारखान्यातल्या अकरा हजारांची नावे हजेरीपटावर असतात. चिखलात मुळे काढणाऱ्या बाईची कोणत्या पटावर असतात? तिची फक्त माझ्या शाळेच्या पटावर नोंद होती, ‘आईचा व्यवसाय : घरकाम’. हे मीच लिहिले होते.

कारखान्यात गेलेले माझे विद्यार्थीही आहेत. त्यांनी घरे बांधली, बहिणींची लग्ने केली, एकाने मुलीला डॉक्टर केले. ते भेटतात, पाया पडतात. त्यांच्या नोकऱ्या खोट्या नव्हत्या, म्हणून मी कारखाने बंद करा असे म्हणायला धजत नाही. २२ फेब्रुवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ज्या कारखान्याचे सांडपाणी शुद्ध करणारे यंत्र चालत नसेल त्याला तीन महिन्यांच्या नोटिशीनंतर चालू राहता येणार नाही. म्हणजे १९६९ मध्ये जे कायद्याने ठरले होते ते अठ्ठेचाळीस वर्षांनी पुन्हा सांगावे लागले. खाडीवाल्यांच्या तक्रारी त्यानंतरही थांबलेल्या नाहीत.

मी एवढे लिहितो ते बघून आमचा मुलगा मागे एकदा म्हणाला, “बाबा, आपल्या घराचं बघा.” तेव्हा मला राग आला. पण बोलणे खरे होते.

मुरुडला गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पर्यटक येऊ लागले. किनारा सुंदर, शनिवार-रविवारी मोटारींची रांग. आम्हीही आगराच्या मागच्या बाजूला चार खोल्या काढल्या, प्रत्येकीला संडास-बाथरूम. पोफळीच्या उत्पन्नात घर चालत नाही, आणि मुलगा गावात राहिला हे काय कमी? गवंड्याने सेप्टिक टाकी बांधली आणि तिला शोषखड्डा काढून दिला. किनाऱ्याची जमीन वाळूची. पाणी लगेच जिरते, खड्डा कधी भरत नाही, याचे आम्हाला कौतुक होते. जिरते म्हणजे कुठे जाते, हे विचारायचे राहिले. बरोबर तोच प्रश्न, भोयाने मला विचारलेला.

विहिरीपासून असा खड्डा निदान पंधरा मीटर लांब असावा असा ढोबळ नियम आहे. आमच्या विहिरीपासून तो वीस मीटर आहे, मी स्वतः टेप धरून मोजले होते. पण पाणी टेप बघून चालत नाही. उतार समुद्राकडे. आणि खड्ड्याच्या खालच्या अंगाला, कुंपणापलीकडे, शेजारच्या वहिनींची विहीर. तिच्यापासून खड्डा जेमतेम आठ मीटर. ते अंतर मोजायचे मला सुचलेच नाही. लंडनचे तीन फूट मी वर्गात घोटून घेत होतो आणि माझ्या मागच्या अंगणातले आठ मीटर मला दिसले नाहीत.

मागच्या ऑक्टोबरात पुतण्याने हौसेने पाणी तपासायच्या बाटल्या आणल्या. त्यात पाणी भरून ठेवायचे, विष्ठेतले जंतू असले की पाणी काळे पडते. आमच्या विहिरीची बाटली दुसऱ्या दिवशी जरा करडी झाली. गंमत म्हणून वहिनींच्या विहिरीचेही पाणी भरले होते, त्यांना न सांगता. ती बाटली शाईसारखी काळी झाली. मी ती उचलून माळ्यावर ठेवली.

मग मी काय केले ते लिहितो, कारण ते लिहिले नाही तर वरचे सगळे लिहायचा मला अधिकार नाही. मी महिनाभर गप्प बसलो. दिवाळीचे बुकिंग झालेले होते. खोल्या बंद ठेवल्या तर मुलाचे नुकसान. वहिनी पाणी उकळून पितात, अशी मनाची समजूत घातली. एका रात्री जाऊन त्यांच्या विहिरीत टीसीएल टाकावी असेही मनात आले. चोरून! आजी फणसाखाली पाणी ओतायची ते निदान दिवसाढवळ्या.

दिवाळी झाल्यावर गेलो. बाटली बरोबर नेली. वहिनी पंचाहत्तरीच्या, एकट्या राहतात. तांदूळ निवडत होत्या. मी सगळे सांगितले, महिन्याचा उशीरही. त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, “भाऊजी, पाण्याला वास येतो हे मी गणपतीपासून म्हणत्येय. तुमच्या सुनेलाही सांगितलं होतं. ती म्हणाली, वय झालं की असं वाटतं.”

जानेवारीत शोषखड्डा बुजवला. तीन कप्प्यांची नवी टाकी वरच्या अंगाला, दोन्ही विहिरींपासून लांब बांधली आहे आणि तिचे पाणी केळींना जाते. दोन खोल्या कायमच्या बंद केल्या. वहिनींच्या विहिरीचा दोनदा उपसा केला, दुसऱ्या उपशाच्या वेळी मी पंपापाशी बसून होतो. एप्रिलची बाटली फिकट करडी आली, म्हणजे अजून पूर्ण निवळलेली नाही. तोवर त्यांचे पिण्याचे पाणी आमच्याकडून उकळून जाते, रोज दोन कळश्या. पुढचे नमुने पावसानंतर घ्यायचे. बाटल्या या वेळी वहिनींच्याच फडताळात ठेवल्या आहेत.